लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

२८ फेब्रुवारीला आपल्या शाळेत विज्ञान दिन असतो. या वर्षी भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एकेका शास्त्रज्ञाची माहिती लिहायची असे गुरुजींनी ठरवले. त्यांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला सी. व्ही. रामन आले, कुणाला एडिसन आले. मला मायकेल फॅरडे आले. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं म्हणून मी जरा हिरमुसले. मग गुरुजींनी पेटीतलं एक जुनं पुस्तक काढून दिलं. त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की फॅरडे यांचे वडील लोहार होते.

माझे आण्णा पण लोहार आहेत. ते विळ्या-खुरप्यांना धार लावतात, कुऱ्हाडीला पाणी देतात. सुट्टीच्या दिवशी भाता मी ओढते. म्हणून मला लई आनंद झाला आणि मी ते पुस्तक दोनदा वाचलं. जे कळलं नाही ते गुरुजींना आणि दादाला विचारलं. ती सगळी माहिती आता मी लिहिते.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये झाला. गावाचे नाव न्यूइंग्टन. ते आता लंडन शहरातच आले आहे. वडिलांचे नाव जेम्स व आईचे नाव मार्गारेट. चार भावंडं होती. थोरल्या भावाचे नाव रॉबर्ट. हे नाव तुम्ही लक्षात ठेवा, कारण ते पुढे येणार आहे.

जेम्स नेहमी आजारी असत. लोहाराला घण मारायला अंगात बळ लागतं. बळ नसलं की काम नाही, आणि काम नसलं की घरात धान्य नाही. हे मला पुस्तकात वाचायच्या आधीच माहीत होतं. मागल्या वर्षी आण्णांची पाठ धरली तेव्हा आमची भट्टी चार महिने थंड होती. आईची सोन्याची बोरमाळ तेव्हाच गेली. मायकेल लहान असताना धान्य फार महाग झालं होतं. तेव्हा त्याला एक पाव द्यायचे आणि तो आठवडाभर पुरवायचा, असे सांगतात.

मायकेलची शाळा थोडीच झाली. वाचणं, लिहिणं आणि थोडं गणित, एवढंच तो शिकला. १८०४ साली तेराव्या वर्षी तो रीबो नावाच्या माणसाच्या दुकानात कामाला लागला. रीबो पुस्तकं बांधायचे आणि विकायचे. मायकेल घरोघर वर्तमानपत्रं पोचवायचा. पोरगा इमानी आहे हे बघून रीबोंनी पुढल्या वर्षी त्याला पुस्तकबांधणी शिकायला ठेवून घेतलं. त्या काळी धंदा शिकायला मालकाला पैसे द्यावे लागत. रीबोंनी काही घेतले नाहीत.

बांधणीला आलेली पुस्तकं दुसरी पोरं नुसती शिवायची. मायकेल ती शिवायच्या आधी वाचायचा. विश्वकोशाचं एक पुस्तक बांधायला आलं, त्यात विजेची माहिती होती. ती त्याने वाचली. आणखी एक पुस्तक होतं रसायनशास्त्रावरचं. त्यात दोन मुली बाईंना प्रश्न विचारतात आणि बाई प्रयोग करून उत्तर देतात. हे पुस्तक जेन मार्सेट या बाईंनी लिहिलं होतं, पण पहिल्यांदा छापलं तेव्हा त्यावर त्यांचं नाव नव्हतं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला रसायनशास्त्राची गोडी एका बाईने लावली, हे आपल्या वर्गातल्या मुलांनी नीट वाचावे.

१८१० साली मायकेलचे वडील वारले. त्याच साली लंडनमध्ये एका घरी शास्त्राची व्याख्यानं सुरू होती. आत जायला एक शिलिंग लागायचा. मायकेलकडे कुठला शिलिंग? थोरला भाऊ रॉबर्ट पण लोहारच होता. तो वडिलांसारखे घण मारायचा आणि त्या कमाईतून धाकट्याला व्याख्यानाचे पैसे द्यायचा.

आता मायकेलचा एक सुरुवातीचा प्रयोग सांगते. इटलीतल्या व्होल्टा यांनी १८०० साली विजेची बॅटरी शोधून काढली होती. १८१२ साली मायकेलने ती घरच्या घरी केली. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी घेतली, तेवढ्याच जस्ताच्या चकत्या घेतल्या आणि मधे मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले सहा कागद ठेवले. झाली बॅटरी! तिच्या दोन तारा त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या पाण्यात सोडल्या. हे मॅग्नेशियम सल्फेट आपल्याकडं खताच्या दुकानात मिळतं, द्राक्षाला घालतात. तारांवर बुडबुडे आले. दोनेक तासांनी स्वच्छ पाणी गढूळ झालं. म्हणजे पाण्यात विरघळलेली वस्तू विजेने फोडली. अशा फोडण्याला विद्युत अपघटन म्हणतात. तेव्हा मायकेल वीस वर्षांचा होता.

मला हे नुसतं वाचून कळेना. मग गुरुजींनी वर्गात प्रयोग करून दाखवला. तुम्ही बघितलाच आहे, पण तिसरीतल्यांसाठी लिहिते.

गुरुजींनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडं मोरचूद टाकलं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात तांबं असतं. द्राक्षबागेत चुन्याबरोबर मोरचुदाची फवारणी करतात ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पाणी निळंशार झालं. मोरचूद विषारी आहे म्हणून आम्हाला हात लावू दिला नाही. त्यात दोन वस्तू उभ्या केल्या. एक तांब्याची जाड तार आणि एक जुन्या सेलातली काळी कांडी. बॅटरीचे तीन सेल एकापुढे एक ठेवून तारा जोडल्या. सेलाची टोपीची बाजू म्हणजे अधिक. ती तांब्याच्या तारेला जोडली. चपट्या बुडाची बाजू म्हणजे वजा. ती काळ्या कांडीला जोडली.

अधिक बाजूला जोडलेल्या टोकाला धनाग्र म्हणतात व वजा बाजूला जोडलेल्याला ऋणाग्र म्हणतात. दोघांना मिळून विद्युतअग्रे म्हणतात. ज्या पाण्यातून वीज जाते आणि फुटाफूट होते ते विद्युत अपघटनी. पेला, पाणी आणि दोन अग्रे मिळून झाला विद्युत अपघटनी घट.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मागची पोरं हसायला लागली. गुरुजी म्हणाले की गप बसा, पाढे म्हणा. आम्ही पाढे म्हटले. अर्ध्या तासाने गुरुजींनी काळी कांडी वर काढली तर ती लाल झाली होती! तिच्यावर तांबं चढलं होतं. मग मी विचारलं की तारा उलट्या लावल्या तर काय होईल. गुरुजींनी मलाच तारा बदलायला सांगितल्या. तर कांडीवरचं तांबं हळूहळू उतरू लागलं आणि तांब्याच्या तारेवर जाऊन बसू लागलं. मला लई नवल वाटलं. प्रयोगानंतर गुरुजींनी ते पाणी फुलझाडांना ओतू दिलं नाही. बाटलीत भरून वर चिठ्ठी चिकटवली.

असं का होतं? मोरचूद पाण्यात विरघळलं की त्याचे फार बारीक दोन तऱ्हेचे कण सुटे होतात. तांब्याचा कण अधिक भाराचा असतो. दुसरा कण सल्फेटचा, तो वजा भाराचा. या भार असलेल्या कणांना आयन म्हणतात. अधिक वजाकडे ओढला जातो आणि वजा अधिककडे. संध्याकाळी रानातून शेळ्या आल्या की वेशीपर्यंत सगळ्या एकत्र असतात, मग ज्याची ती आपल्या दावणीला जाते. तसंच हे आहे. तांब्याचे कण ऋणाग्रावर जाऊन बसतात आणि त्यांचं तांबं होतं. तिकडे धनाग्रावरचं तांबं सुटून पाण्यात येतं. म्हणून एक तार झिजते आणि दुसऱ्या कांडीवर लेप चढतो.

सेल आणि हा घट एकमेकांच्या उलट असतात. सेलात रसायनांपासून वीज होते, घटात वीज देऊन रसायनांत बदल होतो. ज्या वीजेवर हा प्रयोग होतो ती सेलाची असावी. घरच्या लाईटच्या बोर्डाला तारा लावून असलं काही कधीही करू नका, जीव जाईल.

आता परत लंडनला जाऊ. १८१२ साली हम्फ्री डेव्ही हे फार नावाजलेले शास्त्रज्ञ होते. ते रॉयल इन्स्टिट्यूशन नावाच्या संस्थेत व्याख्यानं देत. त्यांनी १८०७ साली विद्युत अपघटनानेच पोटॅशियम आणि सोडियम हे दोन नवे धातू वेगळे केले होते. रीबोंच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने तिथं बसून सगळं टिपून घेतलं, घरी येऊन सुंदर अक्षरात लिहिलं, चित्रं काढली आणि स्वतःच्या हाताने त्याचं पुस्तक बांधलं. ते सुमारे तीनशे पानांचं झालं. ते त्याने डेव्हींना पाठवून दिलं आणि मला काम द्या अशी विनंती केली. मार्च १८१३ मध्ये त्याला नोकरी मिळाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार आणि माळ्यावर राहायला दोन खोल्या. काम होतं प्रयोगशाळेत मदत करायचं.

त्याच साली डेव्ही साहेब युरोपच्या प्रवासाला निघाले. त्यांनी फॅरडेंना बरोबर नेलं. डेव्हींची बायको त्यांना गड्यासारखं वागवायची. फॅरडेंना फार वाईट वाटायचं, पण त्यांनी शिकणं सोडलं नाही. त्या प्रवासात त्यांना म्हातारे व्होल्टा भेटले. नाण्यांची बॅटरी करणाऱ्या पोराला बॅटरीचा बाप भेटला!

१८२१ साली फॅरडे यांचे लग्न सारा बर्नार्ड यांच्याशी झाले. १८३१ साली त्यांनी फार मोठा शोध लावला. तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला की तारेत वीज तयार होते. उजनी धरणावरच्या वीजघरात आज पाण्याच्या जोराने वीज होते ती याच तत्त्वाने.

पण मला आवडलेला शोध त्याच्या नंतरचा आहे. १८३३-३४ साली फॅरडेंनी विद्युत अपघटनाचा हिशोब मांडला. वीज वस्तू फोडते हे आधीच्या लोकांनाही माहीत होतं. पण किती वीज दिली की किती वस्तू मिळते हे नक्की कुणी सांगत नव्हतं. फॅरडेंनी एकच वीज ओळीने ठेवलेल्या अनेक घटांतून पाठवली. कुठे अग्रे मोठी ठेवली, कुठे लहान. कुठे पाणी कडक केलं, कुठे पातळ. पण पाणी फुटून निघालेला वायू मोजला तर सगळीकडे सारखाच भरला! म्हणजे भांडं कसलं हे महत्त्वाचं नाही, वीज किती गेली हे महत्त्वाचं.

त्यांचा पहिला नियम असा आहे की जेवढी वीज जाईल तेवढ्या प्रमाणात वस्तू जमा होते. वीज दुप्पट तर तांबं दुप्पट. दुसरा नियम असा की तेवढीच वीज वेगवेगळ्या धातूंना दिली तर वेगवेगळं वजन जमतं, पण ते ठरलेलं असतं. गुरुजींनी फळ्यावर हिशोब करून दाखवला. एक अँपिअर वीज एक तास सोडली तर सुमारे १.२ ग्रॅम तांबं बसतं आणि तेवढ्याच वीजेत चांदी बसते सुमारे ४ ग्रॅम. लंडनमध्ये करा नाहीतर सोलापूरला करा, आकडा बदलत नाही. वीज उधारी ठेवत नाही आणि मापात मारत पण नाही. आण्णा लोखंड तोलताना तसंच करतात म्हणून मला हा नियम फार आवडला.

अग्रे, आयन यांना इंग्रजी नावं पण फॅरडेंच्याच लिखाणातून १८३४ साली आली. त्यांना ग्रीक भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी केंब्रिजचे विद्वान व्हेवेल यांना पत्र लिहून नावं विचारली. आयन म्हणजे ग्रीक भाषेत जाणारा. माहीत नसलं की विचारायचं, त्यात लाज नाही. फॅरडेंचं गणितही कच्चं होतं. पण ते रोज प्रयोग वहीत लिहीत. एकेका नोंदीला आकडा घालत. ते आकडे सोळा हजारांवर गेले.

या शोधाचा आपल्याला काय उपयोग? तो माझ्या घरातच आहे. माझा दादा दहावी झाल्यावर सोलापूरला एका मुलाम्याच्या दुकानात लागला. आण्णांची पाठ धरली तेव्हा त्याला पुढं शिकायचं सोडावं लागलं. तिथं पितळेच्या समया आणि ताम्हनांना चांदीचा मुलामा देतात. ताम्हन वजा बाजूला टांगतात, चांदीचा पत्रा अधिक बाजूला, आणि वीज सोडतात. आपल्या पेल्यातलाच प्रयोग, फक्त तांब्याऐवजी चांदी. याला विद्युत विलेपन म्हणतात. त्या टाकीतलं पाणी भयंकर विषारी असतं म्हणून दादा रबरी मोजे घालतो. इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी १८४० साली या धंद्याचे हक्क घेतले, म्हणजे फॅरडेंच्या नियमानंतर सहाच वर्षांनी. आई आता मुलाम्याची बोरमाळ घालते ती पण अशीच झालेली आहे.

ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते. त्यातला क्लोरीन मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन करून मिळवतात. त्यातूनच कॉस्टिक सोडा पण निघतो. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या सुताला पक्का रंग देताना तो लागतो. आपल्या खिचडीचं ॲल्युमिनियमचं पातेलं पण विजेनेच मातीतून वेगळं केलेल्या धातूचं आहे. ती रीत १८८६ साली निघाली.

दिवाळीला दादा घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं की ताम्हन टाकीत किती वेळ ठेवायचं हे तुला कसं कळतं. तो म्हणाला की मालक सांगतात तेवढा वेळ. का ते त्याला माहीत नव्हतं. मग विज्ञान दिनाच्या आधी तो परत आला तेव्हा मी त्याला पाटीवर फॅरडेंचा हिशोब मांडून दाखवला. एक अँपिअर, एक तास, चार ग्रॅम चांदी. दादा बराच वेळ पाटीकडं बघत बसला. मग त्याने माझ्याकडून ते कागदावर उतरून घेतलं आणि खिशात ठेवलं.

फॅरडेंना मुलं फार आवडत. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. नाताळच्या सुट्टीत ते मुलांसाठी व्याख्यानं देत. अशी व्याख्यानमाला त्यांनी १९ वेळा दिली. एकदा तर साध्या मेणबत्तीवर सगळी व्याख्यानं दिली. इंग्लंडचं सरकार त्यांना सर ही पदवी देत होतं, ती त्यांनी घेतली नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. म्हातारपणी त्यांची आठवण कमी झाली. राणी व्हिक्टोरियाने त्यांना हॅम्प्टन कोर्टला राहायला घर दिलं होतं. तिथंच २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. मोठ्या लोकांना पुरतात त्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या चर्चमध्ये आपल्याला पुरू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांना हायगेटच्या साध्या दफनभूमीत पुरलं.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला चार किलोमीटर लांब जावं लागतं. भट्टीवर येणारा एक माणूस आण्णांना म्हणाला की लोहाराच्या पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता, भात्याला बसवा. आण्णा काही बोलले नाहीत. मला रात्री झोप आली नाही. दादाला हे कळलं तेव्हा त्याने पगारातून थोडे थोडे साठवून एक जुनी सायकल घेतली. ती आता आमच्या भट्टीत उभी आहे. आण्णांनी तिचा वाकलेला कॅरिअर तापवून सरळ केला. म्हणजे जूनमध्ये मी पाचवीला जाणार.

फॅरडेंचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. पण एक शिलिंग देणाऱ्या रॉबर्टचं नाव मी तरी कुठे भिंतीवर बघितलं नाही. म्हणून मी ते आपल्या भिंतीवर लिहिते. रॉबर्ट फॅरडे, लोहार, लंडन. त्याच्या शेजारी माझ्या दादाचं पण नाव लिहायचं होतं, पण दादा लाजला आणि नको म्हणाला. म्हणून नुसतं दादा एवढंच लिहिते.

मायकेल फॅरडे यांना, रॉबर्टना आणि दादाला माझा नमस्कार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. उत्तर सोलापूर